मल्हारीची सफेदी

सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास मल्हारी लागोपाठ दोनदा खोटं बोलला. खोट्याची सवय नसलेल्या माणसाला ते पचत नाही. मल्हारीला तर ते शुक्रवारपर्यंत पचलं नाही.

आता हा मल्हारी कोण, ते आधी सांगतो. शहरातून छावणी ओलांडून पडेगावकडं निघालं की डाव्या हाताला एक जुनं चित्रकलेचं कॉलेज लागतं. तिथं तो सव्वीस वर्षं शिपाई आहे. गाव गंगापूरकडचं, घर मेंढरांचं. आज्यानं मेंढरं वळली, बापानं वळली, आणि मल्हारीनंही विशीपर्यंत काठीवर रेलून उभं राहण्यापलीकडं काही केलं नव्हतं. मग चराईची रानं उसाखाली गेली, कळप मोडला आणि हा गडी शहरात आला. कॉलेजात त्याला विचारलं, काय येतं? तो म्हणाला, राखण येती. त्यांनी त्याच्या हातात एका खोलीची किल्ली दिली. म्हणाले, मग ही राख.

ती पुतळ्यांची खोली. तळमजल्यावर, मागच्या बाजूला, उंच खिडक्यांची. आत प्लास्टरचे पाच पुतळे, सगळे ग्रीक मूर्तींच्या नकला. अस्सल मूर्ती दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्या, सातासमुद्रापलीकडच्या. त्यांच्या साच्यांवरून ओतलेल्या ह्या नकला पोरांना बघून काढायला ठेवलेल्या. पहिला एक ताठ पोरगा, मुठी आवळलेला, डावा पाय पुढं. मग एक झगा घातलेली मुलगी, वेण्या खांद्यावर, एका हातात फळ. तिसरा एका पायावर भार देऊन सैल उभा. चौथा थाळी फेकायला वाकलेला. शेवटी हात तुटलेली देवी. भिंतीलगत देवळाच्या खांबांची तीन टोकं, आणि फळीवर पडेगावकडच्या एका कुंभाराकडून घडवून घेतलेली मडकी. पहिलं नुसत्या रेघोट्यांचं, दुसरं तांबड्या मातीवर काळ्या माणसांचं, तिसरं काळ्यावर तांबड्या माणसांचं.

मल्हारीनं सगळ्यांना आपली नावं दिली होती. ताठ पोरगा तो फौजी. थाळीवाला तो थाळीवाला. खांबांच्या टोकांत मधल्यावर दोन्हीकडं वेटोळी होती, ते पहिल्याच दिवशी बघून तो म्हणाला होता, "हे आमच्या एडक्याची शिंगं दिसतेत." हात तुटलेल्या देवीला मात्र तो काही म्हणायचा नाही. तिच्यापुढून जाताना नुसता हात जोडायचा.

हे सगळं जमवलं तात्यासाहेबांनी. मूर्तिकलेचे शिक्षक, बुटके, तोंडाचे फटकळ, आणि शिकवायला लागले की घड्याळ विसरणारे. मल्हारी दाराशी स्टुलावर बसून ऐकायचा. ऐकून ऐकून त्याला सगळा धडा पाठ झाला होता. आधी माणूस ताठ उभा होता, श्वास कोंडल्यासारखा. मग त्याच्या ओठाला हसू फुटलं. मग एक गुडघा सैल पडला आणि सगळं अंग जागं झालं. तिथवर यायला त्या लोकांना सव्वाशे वर्षं लागली. देवळांचंही तसंच. आधी जाडजूड, बसके खांब, मग हळूहळू उंच, सडपातळ.

एकदा तात्यासाहेबांनी भर वर्गात त्याला हाक मारली. "मल्हारी, मेंढरं राखताना कसा उभा राहायचास? उभा राहा तसा." मल्हारी लाजला. मग छत्री काठीसारखी टेकवली आणि उभा राहिला. भार एका पायावर, दुसरा गुडघा सैल, एक खांदा खाली. तात्यासाहेबांनी त्याच्याकडं बोट केलं, तिसऱ्या पुतळ्याकडं केलं, आणि म्हणाले, "बघा रे. ग्रीकांना हे सापडायला सव्वाशे वर्षं लागली. हा गंगापूरहून येतानाच घेऊन आला."

त्या दिवशी मल्हारीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. घरी जाऊन बायकोला, वच्छलाबाईला, त्यानं ते चारदा सांगितलं. चौथ्यांदा ती म्हणाली, "कळलं. आता जेवा."

तर असा हा माणूस. आणि सोमवारी राजनंदिनी मॅडम त्याच्या स्टुलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

राजनंदिनी मॅडम म्हणजे तात्यासाहेबांच्या अगदी शेवटच्या वर्गातली विद्यार्थिनी. गंगापूरच्या बागायतदाराची मुलगी, बोलणं थोडं, चालणं झपाझप. शिकून, बाहेर फिरून, यंदा त्याच कॉलेजात शिकवायला आल्या होत्या. त्यांच्या हातात तात्यासाहेबांची जुनी वही होती.

"मल्हारीमामा, एक विचारायचंय. तात्यासाहेबांनी जायच्या आधी यातला एक पुतळा रंगवला होता. वहीत लिहिलंय, 'एक पुतळा रंगवून पूर्ण झाला.' कुठला ते लिहिलेलं नाही. तुम्हाला आठवतो का रंगवलेला पुतळा?"

"नाय मॅडम," तो म्हणाला.

"आणि यांना कधी सफेदी वगैरे मारली होती का? नाकं-डोळे फार बोथट दिसतात."

"नाय. मी निस्ती धूळ झटकतो."

झालं. दोन खोटी, दोन दमांत. मॅडम खुर्चीवर बसल्या आणि कपाळ चोळत राहिल्या. मग त्यांनीच सांगितलं. शुक्रवारी तपासणीची समिती येणार. प्राचार्य अप्पाराव सरांना ही खोली कॉम्प्युटरसाठी हवी आहे. पुतळे मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये टाकायचे ठरत आलंय. सर म्हणाले, असले पांढरे पुतळे फोटोत पण दिसतात, खोली अडवायची असेल तर दुसऱ्या कॉलेजात नाही असं काहीतरी दाखवा. "रंगवलेला पुतळा दुसरीकडं कुठंच नाही, मामा. तो मिळाला तर खोली वाचेल."

मागची शेड मल्हारीला ठाऊक होती. गेल्या पावसाळ्यात तिथं बाकं फुगून त्यांची शकलं झाली. प्लास्टर तर एका पावसाचंही धनी नव्हतं. फौजीपासून देवीपर्यंत सगळ्यांचा श्रावणापर्यंत चिखल झाला असता.

आणि रंगवलेला पुतळा कुठं गेला ते जगात फक्त मल्हारीला ठाऊक होतं. आत्ता, मॅडमनी विचारल्यावर, ठाऊक झालं होतं.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. होळीच्या आधी आठवडाभर खोलीची किल्ली तात्यासाहेबांकडंच होती; होळीच्या दिवशी ती मल्हारीकडं देऊन ते ऑपरेशनसाठी पुण्याला गेले. रंगपंचमीला कॉलेजच्या आवारात पोरांनी धुमाकूळ घातला. दुसऱ्या दिवशी मल्हारीनं खोली उघडली आणि दारातच थबकला. फळ धरलेल्या मुलीच्या तोंडाला रंग फासलेला. ओठ तांबडे, केस तांबूस, झग्याच्या काठाला निळं-हिरवं काहीतरी. खिडकीची एक दांडी आधीपासूनच तुटकी होती. काय झालं असणार ते विचारायला कशाला हवं? कार्टी खिडकीतून शिरली आणि मुलीला रंगवून गेली. तात्यासाहेब आयुष्यभर वर्गात सांगत आले होते, ग्रीकांचा संगमरवर म्हणजे दुधासारखा पांढरा. ते परत येऊन हे बघतील तर काय होईल, ह्या विचारानं त्याचा जीव अर्धा झाला.

म्हणून पोरांनी भिंतीवर काही खरडलं की तो नेहमी करायचा तेच त्यानं केलं, डिस्टेंपर कालवला आणि मुलीला नखशिखांत सफेदी मारली. शेजारचे चार मळकट दिसायला लागले, म्हणून त्यांनाही मारली. तात्यासाहेब काही परत आले नाहीत. एप्रिलात पुण्याहून त्यांची बातमीच आली. मग मल्हारीनं दर दसऱ्याला, जसा घरी देवाला शेंदूर चढतो तसा, पाचही पुतळ्यांना एक एक हात चढवायचा नेम धरला. अकरा दसरे आणि ती पहिली रंगपंचमी, बारा हात झाले. तात्यासाहेबांची आठवण म्हणून तो हे करायचा. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी पडेगावच्या घरी त्यानं ताटावर बसून फक्त भाकरी कुस्करली. वच्छलाबाईनं दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा विचारलं. त्यानं सगळं सांगितलं.

"मंग सांगून टाका बाईला," ती म्हणाली. "त्यात काय एवढं?"

"काय एवढं? तात्यासायबानं शेवटचं काम केलं, आन् मी ते बुजवलं. कोणत्या तोंडानं सांगू?"

"ज्या तोंडानं नाय म्हणलात त्याच."

बायकांचं बरोबर असतं तेव्हा ऐकवत नाही. मल्हारी ताटावरून उठला.

त्याला रात्रभर गावाकडचा बिरोबा आठवत राहिला. तो लहान असताना एका उन्हाळ्यात देवाच्या अंगावरचं शेंदराचं कवच सुटून खाली पडलं होतं. पिढ्यान्‌पिढ्या थरावर थर चढून झालेलं, वीतभर जाड. आतून काळ्या दगडातले दोन डोळे निघाले. बायाबापड्या घाबरून मागं सरल्या. बाप मात्र जागचा हलला नाही. म्हणाला, "देव हुता तिथंच हाय. आपणच त्याला झाकला हुता." तेव्हा मल्हारीला त्याचं काही वाटलं नव्हतं. आता ते वाक्य त्याला झोपू देईना.

मंगळवारी तो आठ वाजताच कॉलेजात पोचला. म्हटलं, कुणी यायच्या आत गुपचूप पुसून बघू. ओलं फडकं घेतलं आणि मुलीच्या पाठीवर, कुणाला दिसणार नाही अशा जागी, हळूच चोळलं. सफेदीचा चिखल झाला, फडकं पांढरं झालं, पण थर हटेना. आणखी जोर केला तर बोटाखाली मऊ लागलं. प्लास्टरच सुटायला लागलं की काय? फडकं खिशात कोंबून तो स्टुलावर येऊन बसला. समोर पाचही जण त्याच्याकडं बघत होते, असं त्याला वाटलं.

चाकूनं खरवडावं तर नाक जाईल. पाण्यानं धुवावं तर मुलगीच जाईल. सांगावं तर अब्रू जाईल. दिवस कुठं चालला होता ते त्याला कळत नव्हतं. अप्पाराव सर दोन माणसं घेऊन आले आणि टेपनं खोली मोजून गेले. जाताना त्यातला एक फौजीच्या टाळूवर हात ठेवून उभा राहिला. मल्हारीला तो हात झटकून टाकावासा वाटला.

दुपारी ऑफिसातून एक नोटीस आली. समितीच्या आगमनाची, पोर्चमधल्या भिंतीवर लावायची. मल्हारी त्या भिंतीपाशी गेला आणि सव्वीस वर्षं करत आलाय तसं जुनी नोटीस ओढून काढायला लागला. कॉलेजात नोटिसा खळीनं चिकटवतात. मैदा पाण्यात शिजवला की जी चिकट पेज होते, ती खळ. जुनी नोटीस ओढली की तिच्यामागं भिंतीचा डिस्टेंपर पापुद्र्यासारखा निघून येतो, आणि त्याच्याखालची जुनी निळी भिंत उघडी पडते. ह्यावरून ऑफिसच्या साहेबांच्या किती शिव्या त्यानं खाल्ल्या होत्या.

कागद त्याच्या हातात तसाच राहिला. पाठीमागं चिकटलेला पांढरा पापुद्रा त्यानं उलटून बघितला. भिंतीवरचा निळा रंग जागचा हलला नव्हता.

उरलेली खळ वाटीत होती. खोलीत येऊन त्यानं ती फौजीच्या टाचेवर थापली, वर जुन्या मांजरपाटाची चिंधी दाबली आणि बसून राहिला. मार्चचं ऊन, खिडकीतून झळा येत होत्या. दीड तासात चिंधी खडखडीत वाळली. टोकाला धरून हळू ओढली. चर्र आवाज झाला आणि चिंधीबरोबर सफेदीचा सबंध तुकडा सालीसारखा निघून आला. खाली टाच होती. खरी टाच, शिरेसकट, घोट्याच्या खळगीसकट. बारा हातांखाली गेलेला पाय अकरा वर्षांनी दिसला. मल्हारीला एकदम रडू आलं.

पण फौजीला रंग नव्हता. मुलीला होता. सफेदीबरोबर रंगही सालीला चिकटून आला तर? मग उरलंसुरलंही आपल्याच हातानं जाईल. ह्या एका प्रश्नानं त्याचा आनंद पार पुसून टाकला. तेव्हा त्याला आणखी एक आठवलं. होळीच्या आठवडाभर आधी तात्यासाहेबांनी त्याला गुलमंडीच्या बाजारात पाठवलं होतं, चपडा लाख आणि स्पिरिट आणायला, सुतार लाकडावर पॉलिश चढवतात ते. लाखेचा हात वरून दिला असेल तर रंग खाली शाबूत असणार. असेल तर.

बुधवारी सकाळी तो मॅडमपुढं जाऊन उभा राहिला. रात्रभर त्यानं खरं सांगायची तयारी केली होती. तोंडातून निघालं ते असं: "मॅडम, मला वाटतं, कुणीतरी ह्या मुलीला सफेदी मारली असंल. खळीनं निघती. टाच काढून बघितली."

अर्धं खरं. अर्ध्या खऱ्याचं ओझं सबंध खोट्यापेक्षा जड असतं, हे त्याला लगेच कळलं.

मॅडमनी टाच बघितली आणि त्यांचे डोळे मोठे झाले. मग त्या चिडल्या. "पण कुठल्या गाढवानं मारली असेल ही? जरा अक्कल नको?" मल्हारी खाली बघत म्हणाला, "व्हय मॅडम." दिवसभरात त्या गाढवाचा उद्धार सातवेळा झाला. सातहीवेळा मल्हारीनं होकार भरला.

वच्छलाबाईनं घरी पातेलंभर खळ शिजवली. "मोरचूद घालू का? किडं लागत नायत त्यानं," ती म्हणाली. "नको गं. हिरवं उतरंल तिच्यावर." पातेलं कॅरेजवर बांधून तो सायकलीवर जपून आला. मग दोघांनी मिळून काम सुरू केलं. आधी पाठ, मग झगा. खळ थापायची, चिंधी दाबायची, वाट बघायची, ओढायचं. झग्याच्या चुण्यांत बारा हात एका दमात निघत नव्हते, म्हणून तिथं दोनदा. झग्याच्या काठाला पहिल्यांदा निळी रेघ दिसली तेव्हा मॅडमनी तोंडावर हात ठेवला. निळी, मग हिरवी, मग कोनाकोनात वळत जाणारी नक्षी. रंग शाबूत होता. लाखेची चकाकी वरून दिसत होती.

मुलीला रंग का दिला होता, पांढऱ्याचं काय झालं, हे विचारावं असं मल्हारीच्या जिभेवर कितीदा आलं. पण विचारावं तर मॅडम म्हणतील, मामा, म्हणजे रंग बघून गोंधळून सफेदी मारली ती तुम्हीच की काय? चोराच्या मनात चांदणं. त्यानं पुढची चिंधी खळीवर दाबली.

गुरुवारी आभाळ भरून आलं. अवकाळी. थेंब पडला नाही, पण हवा अशी दमट झाली की खळ वाळेना. एक चिंधी चार तास ओलीच. मॅडम खिडकीतून आभाळाकडं बघत येरझाऱ्या घालत होत्या, आणि मल्हारी पुठ्ठ्यानं मुलीच्या तोंडाला वारा घालत होता. ओली चिंधी फार वेळ राहिली तर खालचं प्लास्टर दमेल, ही एक धास्ती. ओढायची घाई केली तर नाक येईल, ही दुसरी. दुपारी त्यानं ऑफिसातला उभा पंखा न विचारता उचलून आणला. साहेब काय म्हणतील ह्याची भीती वाटायला त्याच्यात जागाच उरली नव्हती. संध्याकाळपर्यंत गळा झाला, वेण्या झाल्या. चेहरा आणि पायाखालची बैठक राहिली. चेहऱ्यावर आणि बैठकीवर चिंध्या लावून दोघं घरी गेले.

शुक्रवारी ऊन पडलं. साडेनऊला मॅडमनी चेहऱ्याची चिंधी दोन बोटांत धरली. "मामा, तुम्ही ओढा. मला जमायचं नाही." मल्हारीचा हात मेंढराच्या पायातला काटा काढणारा हात होता. कपाळापासून हनुवटीकडं, केसाएवढी केसाएवढी ओढत, त्यानं अर्ध्या तासात चिंधी सोडवली.

तांबडे ओठ. तांबूस केस. डोळ्यांत काळी बुबुळं, आणि ती सरळ त्यांच्याकडं बघत होती. ओठांच्या कोपऱ्यातलं हसू, जे इतकी वर्षं थराखाली गेलं होतं, ते मिटलं नव्हतं. मॅडम खाली फरशीवर बसल्या आणि डोळे पुसत हसल्या. "चहा सांगून येते," म्हणाल्या, "आणि सरांना घेऊन येते. अकराला समिती आहे. तेवढी बैठक तुम्ही काढा."

मल्हारी एकटा राहिला. बैठकीवरची चिंधी वाळली होती. त्यानं समोरून धरली आणि ओढली.

खाली अक्षरं होती. पेन्सिलीची, बारीक, वरून लाख दिलेली. तात्यासाहेबांचं वळण त्यानं लगेच ओळखलं. पहिला शब्द त्याचंच नाव होतं.

मल्हारी चौथी शिकलेला. ओळ त्यानं बोट ठेवून वाचली. दोनदा वाचली. मग तिथंच उकिडवा बसला.

त्याला रंगपंचमीनंतरचा तो दिवस लख्ख दिसला. बापाची रीत अशी, देवाला शेंदूर लावायचा तर पहिलं बोट पायाशी, आणि ते डोळे मिटून. त्यानं पहिला हात तसाच मारला होता. रुंद ब्रश, डोळे मिटून, बैठकीवर, डावीकडून उजवीकडं. एका हातात ओळ बुजली होती. डोळे उघडले तेव्हा वाचायला काही उरलं नव्हतं. डोळे उघडे ठेवून सुरुवात केली असती तर हे अकरा वर्षांचं पाप घडलंच नसतं. भक्ती केली होती त्यानं, आणि त्या भक्तीनंच घात केला होता.

कोपऱ्यात दसऱ्याचा डबा होता. तळाला डिस्टेंपर वाळलेला, शेजारी ब्रश. त्यानं डब्यात पाणी ओतलं. ब्रशनं ढवळलं. रंग, झगा, चेहरा, सगळं निघालं होतं. खोली बहुतेक वाचणार होती. ही बोटभर ओळ कुणाला हवी होती? एक हात, डावीकडून उजवीकडं. गाढव कोण ते कुणाला कळलं नसतं. ब्रश पांढरा झाला, त्याच्या टोकातून थेंब फरशीवर पडला. घड्याळात पावणेअकरा झाले होते.

जिन्याकडून पावलं आणि बोलणं ऐकू आलं. अप्पाराव सरांचा आवाज पुढं होता. मल्हारी उठला, डबा उचलला, आणि खिडकीच्या तुटक्या दांडीच्या फटीतून सगळी सफेदी बाहेरच्या मातीत ओतून दिली. ब्रशही टाकला. मग हात पँटला पुसून मुलीच्या शेजारी उभा राहिला.

समितीत चौघं होते. पुढं पांढऱ्या केसांच्या अध्यक्षबाई. त्या दारातून आत आल्या आणि मुलीला बघून थांबल्याच. मागचे त्यांच्यावर आदळले. बाई जवळ गेल्या, काठाची नक्षी बघितली, ओठ बघितले, मग अप्पाराव सरांकडं वळून म्हणाल्या, "आणि ही खोली तुम्ही रिकामी करणार होता?" सर म्हणाले, "छे, छे. तसा नुसता विचार होता." खोली वाचली ती अशी, एका वाक्यात.

बाईंनी चष्मा सावरला आणि बैठकीकडं वाकल्या. "इथं काहीतरी लिहिलंय."

"मी वाचतो," मल्हारी म्हणाला.

सगळे त्याच्याकडं वळले. त्यानं वाकून बघितलं नाही, ओळ पाठ झाली होती.

"'मल्हारी, हिला सफेदी मारू नकोस. रंग मीच दिलेत, मुद्दाम. परत आलो की सांगतो. तात्या.'"

अध्यक्षबाईंनी विचारलं, "मल्हारी कोण?"

"मी." तो तिथं थांबला नाही. "आन् सफेदीबी मीच मारली. अकरा सालं. मला वाटलं, पोरांनी रंगपंचमीला तोंड रंगवलं. डोळं मिटून पहिला हात मारला, वाचलंच नाय. मॅडमनी सोमवारी विचारलं तवा खोटं बोललो. गाढव म्हणल्या त्या, त्यो मीच."

अप्पाराव सरांनी तोंड उघडलं, पण राजनंदिनी मॅडम मध्ये आल्या. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. त्यांनी वाकून ती ओळ स्वतः वाचली. परत आलो की सांगतो. मल्हारीला वाटलं, आता बोलतील ते ऐकून घ्यायचं, मान खाली घालून.

मॅडम समितीकडं पाठ करून त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"मामा, ऐका. ग्रीकांनी मूर्ती पांढऱ्या कधी ठेवल्याच नव्हत्या. सगळ्या रंगवायचे. ओठ, डोळे, कपडे, देवळाच्या वरच्या नक्ष्यासुद्धा. आपल्या वेरूळच्या कैलासाला जुने लोक रंगमहाल म्हणतात ना, तसंच. ह्यांच्या मूर्ती जमिनीखाली गेल्या, पावसात राहिल्या, रंग उडाले. ज्यांना नंतर सापडल्या त्यांना वाटलं, ह्या पांढऱ्याच. पुढं तर कुणी कुणी उरलासुरला रंग घासूनही काढला, पांढरं तेच खरं म्हणून. मोठमोठी शिकलेली माणसं होती ती. तात्यासाहेबांनीही वर्गात वीस वर्षं पांढरंच शिकवलं. शेवटी त्यांना कळलं, तेव्हा त्यांनी ही रंगवली."

मल्हारी ऐकत होता. छत्री नव्हती, तर हात खिडकीच्या कठड्यावर टेकलेला, भार एका पायावर, दुसरा गुडघा सैल. चार दिवसांत पहिल्यांदा तो असा उभा राहिला होता, आणि ते त्याच्या ध्यानातही नव्हतं.

"म्हंजे तात्यासायब बी चुकले हुते?" त्यानं विचारलं.

"हो," मॅडम म्हणाल्या. "तेच ते तुम्हाला सांगणार होते."